‘ह’नंतरचा ‘ळ’

सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाची आठवण लोकांना तो बंद पडला की होते. मी नोएडातल्या एका कंपनीत हेच काम करते, त्यामुळे मला याची सवय आहे. तिथे पगार मिळतो म्हणून मी निमूट ऐकून घेते. सह्यवासात मात्र मी हे काम फुकट करायची. फुकटच्या कामाचं एक बरं असतं, चुकलं तरी कुणी पगार कापत नाही, असं मी अंशुमनला ऐटीत सांगायची. अंशुमन म्हणजे माझा नवरा. तो म्हणायचा, “पगार नाही तर नाक कापतील, यार.”

सह्यवास हे करोल बागेच्या मागच्या गल्लीतलं मराठी विद्यार्थ्यांचं वसतिगृह. महाराष्ट्रातून नागरी सेवेच्या मुलाखतीसाठी येणाऱ्या मुलांना हिवाळ्यात तिथे वीस जागा मिळतात. राहायला खोली, दोन्ही वेळचं वरणभातासकट जेवण, आणि निवृत्त अधिकारी येऊन सराव मुलाखती घेतात ते वेगळंच. ज्यांचं दिल्लीत कुणी आहे त्यांना याची किंमत कळायची नाही. ज्यांचं कुणी नाही ती मुलं बिनखिडकीच्या खोलीत एक खाट भाड्याने घेतात आणि मुलाखतीत “स्वतःबद्दल सांगा” म्हटलं की काय सांगायचं याचा सराव आरशासमोर करतात.

तिथला सर्व्हर जिन्याखाली, पाण्याच्या कूलरशेजारी ठेवलेला होता. तो आमच्या आधी ज्यांनी बसवला ते बाळकाका आता हयात नाहीत. केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने सगळं उभं केलं होतं आणि त्यात आपली मतंही घालून ठेवली होती. मराठी माणसाचं नाव मराठीतच लिहायचं, हे एक. माणसाला नावाने शोधायचं, नंबराने नाही, हे दुसरं. त्यामुळे अर्जाच्या नंबरावरून शोधायची सोयच नव्हती. नाव टाका, माणूस सापडेल.

त्या सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम इतकी म्हातारी झाली होती की तिला सुरक्षेचे अपडेट येणंही बंद झालं होतं. ओळखीच्या दुसऱ्या एका संस्थेची वेबसाइट कुणीतरी फोडली, तशी आमचे अध्यक्ष अण्णासाहेब घाबरले. अण्णासाहेब मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, अजूनही फोन उचलताना “बोला” असं म्हणतात की समोरच्याच्या पोटात गोळा यावा. मला म्हणाले, “उल्का बेटा, अपग्रेड करून टाक. मुलांचा डेटा आहे. उद्या काही झालं तर आपण तोंड कुठे दाखवायचं?”

मी जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी वैशालीच्या आमच्या घरून मेट्रोने गेले. बाहेर इतकं धुकं होतं की यमुना आली कधी आणि गेली कधी हे कळलं नाही. बॅकअप घेतला, नवी सिस्टिम चढवली, डेटा जसाच्या तसा जाग्यावर आहे ना ते पाहिलं, पाचसहा नावं टाकून शोधून पाहिली. सगळी सापडली. सह्यवासाच्या व्यवस्थापक हेमांगीताईंनी थालीपीठ खाऊ घातलं. दुपारी घरी परतताना मी खूष होते. अपग्रेड इतका सुरळीत झाला की संशय यायला हवा होता, पण थालीपीठ चांगलं होतं.

त्याच आठवड्यात मुलांचं कन्फर्मेशन सुरू झालं. अर्ज सगळ्यांनी ऑक्टोबरातच भरलेले होते. लेखी परीक्षा पास होऊन मुलाखतीला बोलावणं आलं की मुलाने साइटवर आपलं नाव टाकायचं, सर्व्हर जुन्या अर्जांत ते शोधणार, आणि सापडलं की गुणांकनाप्रमाणे यादी लावणार. नाही सापडलं तर पाटी यायची, ‘नोंद आढळली नाही’. बाळकाकांचीच पाटी. जुनीच.

गुरुवारी मला संस्थेच्या पत्त्यावर एक मेल आला. मी तेव्हा ऑफिसमध्ये होते आणि तिथे आमचं स्वतःचंच काहीतरी कोसळलं होतं, मॅनेजर डोक्यावर उभा होता.

‘मी द्वारका कांबळे, कळमनुरी, जिल्हा हिंगोली. माझा अर्ज ऑक्टोबरमध्ये भरलेला आहे, पोच जोडली आहे. कन्फर्म करताना नोंद आढळली नाही असे येते. हा माझा शेवटचा अटेम्प्ट आहे. कृपया पाहावे.’

मी फोनवरूनच सर्व्हरवर गेले, नाव टाकलं. नोंद आढळली नाही. पुन्हा टाकलं, हिंगोलीसकट. नाही. पोचेचं चित्र पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. मी आत शिरून सगळा तक्ता डोळ्यांनी पाहू शकले असते. पाहिला नाही. हेमांगीताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, “अगं, दरवर्षी असतात असे चारदोन. अर्ज अर्धवट भरतात आणि मग आपल्यावर खापर फोडतात.” मी मेलला उत्तर दिलं, ‘आपल्या नावाची नोंद आढळली नाही. क्षमस्व.’ सर्व्हरने मला जे सांगितलं तेच मी तिला सांगितलं, फक्त क्षमस्व पदरचं घातलं.

शनिवारी कस्तुरबा गांधी मार्गावर एका विश्वस्तांच्या कार्यालयात बैठक झाली. मी यादी घेऊन गेले होते. अण्णासाहेबांनी वीसच्या वीस नावं मोठ्याने वाचली, जिल्ह्यांसकट. पाटील, देशमुख, जोशी, शिंदे, कुलकर्णी, गायकवाड, पवार. कुणाचा तरी भाचा त्यात नाही याबद्दल एक विश्वस्त जरा रुसले. बाकी कुणाला काही म्हणायचं नव्हतं. सह्या झाल्या, मुलांना संदेश गेले. सोमवारपासून मुलं सामान घेऊन यायला लागली.

आणि सोमवारी द्वारकाही आली. हिंगोलीहून निघताना तिने ठरवलं होतं की मेलला उत्तर देणारं कुणीतरी यंत्रच असणार, माणसाला पोच दाखवली की काम होईल. तिच्या खांद्याला पुस्तकांची बॅग, हातात आणखी एक. हेमांगीताईंनी फोनवरची पोच पाहिली, सर्व्हरवर नाव टाकलं, आणि म्हणाल्या, “बेटा, असे स्क्रीनशॉट आजकाल कुणीही बनवतं.” हे मला हेमांगीताईंनीच नंतर सांगितलं, रडत. त्या वाईट नाहीत. त्यांनी तिला चहा पाजला आणि मग दारातून परत पाठवलं.

बुधवारी स्फोट झाला. गौरव ढवळे नावाच्या मुलाने यादीचा फोटो टाकला. त्याचाही अर्ज ‘आढळला’ नव्हता. त्याने एकेक करून तशी मुलं शोधून काढली होती आणि दोन रकाने मांडले होते. एकीकडे आत घेतलेले. दुसरीकडे बाहेर ठेवलेले: कांबळे, ढवळे, साळवे, आणखी एक कांबळे, कोळी, माळी, गवळी, काळे. खाली लिहिलं होतं, ‘सह्यवासाचा सर्व्हर आडनाव वाचून दार उघडतो. एक गायकवाड घेतलाय, शोभेला.’ संध्याकाळपर्यंत ते मुंबईच्या वर्तमानपत्रापर्यंत पोचलं. सह्यवासाच्या फाटकासमोर मुलं सतरंजी घालून बसली.

माझी पाचावर धारण बसली. खोटं का सांगू, पहिल्यांदा मला रागच आला, त्या मुलांचा. मी रविवार घालवून, पदरचे पैसे घालून तुमच्यासाठी मरते आणि तुम्ही मला जातीयवादी ठरवता? अर्जच भरले नसतील! मी तणतणत लॅपटॉप उघडला, आता पुरावाच तोंडावर मारते म्हणून तक्त्यात शिरले आणि वरपासून खालपर्यंत सगळे अर्ज सरकवत गेले.

द्वारका कांबळे तिथे होती. गाव, जिल्हा, ऑक्टोबरातली तारीख, सगळं. थोडं खाली गौरव ढवळे. मग साळवे. एकूण एक होते. मी वरच्या चौकटीत ‘कांबळे’ टाकलं आणि शोध म्हटलं. नोंद आढळली नाही. खाली नाव डोळ्यांना दिसतंय आणि वर सर्व्हर नाही म्हणतोय. मी तीनदा केलं.

“काय झालं?” अंशुमन मागे येऊन उभा राहिला. स्क्रीनवर मी न सापडलेल्यांची नावं काढून ठेवली होती. तो ती वाचायला लागला, “कांबले, ढवले, सालवे, कोली, माली, गवली...” आणि हसला. “अरे यार, ही काय माझी परीक्षा घ्यायला जमली आहेत काय सगळी?”

अंशुमन जन्मला दिल्लीतच, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये. मराठी घरातला, पण दिवसभर हिंदीत वाढलेला. त्याला ळ येत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा पुण्याला आमच्याकडे आला तेव्हा “मी सकाली दोन केली खाल्ली” म्हणाला आणि माझ्या मावशा हसून हसून लोळल्या. वीस वर्षं झाली, अजून जीभ वळत नाही.

“पुन्हा वाच,” मी म्हणाले.

“चिडवतेस काय?”

“नाही रे. वाच.”

त्याने वाचलं. प्रत्येक नावात तो अडखळला. एकही नाव असं नव्हतं की जिथे तो अडखळला नाही.

मग मला कळलं, आणि कळल्यावर मी कपाळाला हात लावला. शाळेत आपण वर्णमाला घोकतो, शेवटी श ष स ह ळ क्ष ज्ञ. आपला ळ ‘ह’नंतर येतो. बाळकाकांनी जुन्या सिस्टिमला खटपट करून हा मराठी क्रम शिकवला होता आणि त्याच क्रमाने सगळ्या नावांची सूची लावून ठेवली होती. मी नवी सिस्टिम घातली, ती आपला क्रम घेऊन आली. तिच्या लेखी ळ हा ल-च्या शेजारी बसतो. शब्दकोश एका क्रमाने छापलेला आणि शोधणारा दुसऱ्याच क्रमाने पानं उलटणारा, असं झालं. तो ‘कांबळे’ ल-च्या आसपास शोधायचा, तिथे नाही दिसलं की नाही म्हणून मोकळा व्हायचा. शेवटपर्यंत जाऊन पाहायची त्याची पद्धतच नाही, कारण तेवढ्यासाठीच तर सूची असते. ळ नसलेल्या नावांना याचा काहीसुद्धा उपद्रव नव्हता.

“पण तू टेस्ट केलं होतंस ना?” अंशुमनने विचारलं.

“केलं होतं.”

“मग?”

“गद्रे टाकलं. जोशी, देशमुख, पाटील, कुलकर्णी.” गद्रे म्हणजे आम्हीच.

“हीच का?”

“सुचली ती टाकली.”

त्या क्षणी मला जे वाटलं ती लाज होती, दुसरं काही नव्हतं.

दुरुस्ती किती वेळाची? चहा उकळेपर्यंत झाली. सूची नव्या क्रमाने पुन्हा लाव, एवढी एक आज्ञा द्यायची. दिली. ‘कांबळे’ टाकलं, दोन्ही कांबळे हजर. ढवळे हजर. मला इतका आनंद झाला की मी तिथल्या तिथे अण्णासाहेबांना फोन लावला.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “अच्छा. म्हणजे यंत्राची चूक. चांगलं झालं. उद्या निवेदन काढू, टेक्निकल इश्यू होता म्हणून.”

“अण्णासाहेब, टेक्निकल इश्यू म्हटलं तर कोण विश्वास ठेवेल? या शहरात बिल चुकलं, रिझल्ट अडकला, पेन्शन थांबलं, सगळ्याला लोक टेक्निकल इश्यूच म्हणतात. आपण ळ-चं सांगू या, सविस्तर.”

“ळ-चं?” ते म्हणाले. “बेटा, मी चाळीस वर्षं निवेदनं काढली आहेत. मुळाक्षरामुळे जागा गेली असं मी प्रेसला सांगू?”

“आणि जागा? त्या मुलांच्या गुणांकनाप्रमाणे त्यांच्यातले बरेच जण विसांत येतात. द्वारका कांबळे तर तिसरी येते.”

“जी मुलं आत आहेत ती सामान घेऊन आली आहेत. त्यांची काय चूक? कुणाला बाहेर काढू, नाव सांग. तू सांग, मी काढतो.”

मला नाव सांगता आलं नाही. शेवटच्या काही खोल्यांत राहायला आलेली मुलंही कुठल्या मोठ्या घरची नव्हती. एक तर नंदुरबारचा होता, पहिल्यांदाच रेल्वेत बसलेला. मी म्हटलं वाचनालयात गाद्या घालू, तर हेमांगीताई म्हणाल्या की फायर ब्रिगेडच्या माणसाने आधीच नोटीस दिलीये, तिथे माणसं झोपवली तर वसतिगृहच बंद होईल. मी म्हटलं बाहेर खोल्या भाड्याने घेऊ, तर खजिनदार गावाला गेलेले आणि त्यांच्या सहीशिवाय काही निघत नाही. एकेक दार मी ठोठावत गेले आणि प्रत्येक दारामागे एक बरोबर कारण बसलेलं होतं. चीड यायची ती याचीच. कुणीतरी नालायकपणा केला असता तर भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि सह्यवासाच्या फाटकावर गेले. अण्णासाहेबांनी जाऊ नको म्हणून सांगितलं होतं. ऊन पडलं होतं, पण त्यात धग नव्हती. मुलं शालींत गुरफटून बसली होती, मांडीवर पुस्तकं. आंदोलन करतानाही त्यांचं वाचन सुरूच होतं. मी ओळख करून दिली. सर्व्हर मी पाहते, चूक माझ्या हातून झाली, सांगायला आलेय.

गौरव ढवळे उभा राहिला. अंगाने किडकिडीत, आवाज मात्र खणखणीत. “बोला ना मॅडम.”

मी सगळं सांगितलं. ह, ळ, शब्दकोश, सूची. सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं की हे किती पोकळ वाटतंय. मधेच कुणीतरी खुदकन हसलं.

“म्हणजे आमची सीट ळ-ने खाल्ली?” गौरव म्हणाला.

“हो.”

“टीसी म्हणतो शिक्का नाही, तलाठी म्हणतो सातबारा चढला नाही, कॉलेज म्हणतं पोर्टल बंद. ळ मात्र नवीन आहे हां. हे आम्ही पहिल्यांदाच ऐकतोय.”

“अरे पण खरं आहे. हे बघ ना, यात काळे पण आहे. तो तर...”

मी जीभ चावली. पण वाक्य पुरं न होताही सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

“तो तर काय मॅडम?” गौरवने अगदी हळू विचारलं. “तो तर तुमच्यातला, असं ना? म्हणजे मोजलंय तुम्ही.”

मी घाईघाईने लॅपटॉप उघडला. “हे बघ, आता दुरुस्त झालंय. तुझं नाव टाकते. बघ, आलं! आता सगळी नावं येतात.”

तो स्क्रीनवर वाकला. ढवळे, गौरव. जिल्हा, तारीख, सगळं होतं. त्याने ते नीट वाचलं, आणि त्याचा चेहरा आणखी कठीण झाला.

“काल नव्हतं,” तो म्हणाला. “वर्तमानपत्रात आल्यावर आज आलं. मग काल कुणी काढलं होतं?”

मागून एकाने मोबाइलवर फोटो काढला. संध्याकाळी तो सगळीकडे गेला, खाली ओळ होती: ‘दबाव आल्यावर रातोरात नावं परत घातली.’ मी दुरुस्त केलं हाच आता गुन्ह्याचा पुरावा झाला. नोएडात मी आठवड्याला दहा बिघाड काढते आणि लोक थँक यू म्हणतात. इथे मी जितकं खरं सांगत गेले तितकी गाळात रुतत गेले.

द्वारका त्या सतरंजीवर नव्हती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तिचा नंबर अर्जात होता. फोन करायला धीर होईना, तरी दुसऱ्या दिवशी केला. ती म्हणाली, “मेट्रो स्टेशनपाशी भेटू. मला तिकडेच झेरॉक्स काढायच्या आहेत.”

करोल बाग स्टेशनच्या पायऱ्यांपाशी, चहाच्या टपरीवर आम्ही भेटलो. ठेंगणी, केस घट्ट बांधलेले, स्वेटर भावाचा असावा इतका मोठा. मला वाटलं होतं ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “सांगा मॅडम, नक्की काय झालं ते.” मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी मी ना कुणाचं नाव घेतलं, ना स्वतःची बाजू मांडली. ती मधेच थांबवून प्रश्न विचारायची. सूची म्हणजे काय? क्रम कोण ठरवतं? मग ‘काळे’ सापडत नव्हतं तर ‘काले’ सापडलं असतं का? मी म्हटलं, असतं. ती मान डोलवायची.

“पटतं मला,” ती शेवटी म्हणाली.

मला भरूनच आलं. गेल्या तीन दिवसांत हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. मी तिचा हात धरला. “द्वारका, तू माझ्या घरी चल. वैशालीला, स्टेशनजवळच आहे घर. वेगळी खोली आहे. मुलाखत होईपर्यंत राहा. मी डबा देते, अंशुमन तुला सोडायला येईल. सराव मुलाखतींनाही मी अण्णासाहेबांना सांगून तुला बसवते, दिवसा तर कुणी अडवू शकत नाही.”

“नको. मी एका मैत्रिणीच्या खोलीत आहे. खाट एकच आहे, पण आम्ही पाळी लावलीये, ती झोपते तेव्हा मी वाचते.” तिने हात हळूच सोडवून घेतला. “सराव मुलाखतींना येईन. पण आत गेल्यावर गौरव आणि बाकीचे बाहेर बसलेले असतील. त्यांच्यासमोरून आत जायचं मला नाही जमायचं बहुतेक. बघते.”

“मी त्यांना समजावते.”

“त्यांना नाही पटणार. मलाही पोच घेऊन दारात उभी असताना कुणी ळ-चं सांगितलं असतं तर पटलं नसतं.” तिने चहा संपवला, ग्लास ठेवला. “एक विचारू? मुलाखतीत विचारतात तसं. चालेल?”

“विचार ना.”

“यादी सर्व्हरने चुकीची काढली. ठीक. पण ती लावायच्या आधी तुम्ही लोकांनी वाचली असेल ना?”

“हो. अण्णासाहेबांनी मोठ्याने वाचली. आम्ही सगळे होतो.”

“सह्यवासात दरवर्षी निम्मी मुलं आमच्याकडची असतात. माझा मामेभाऊ तिथे होता, चार वर्षांपूर्वी, त्याने सांगितलंय. कांबळे असतो, साळवे असतो, असतोच. या वर्षी वीस नावांत एक गायकवाड. सर्व्हरला कळायचं नाही, त्याला ळ सापडला नाही. पण ऐकताना तुमच्यापैकी कुणालाच काही राहिलंय असं वाटलं नाही?”

रिक्षावाले ओरडत होते. एक मुलगा आमच्यामधून पाठपिशवी घासत वर स्टेशनात गेला. मी त्या बैठकीतली खोली आठवायचा प्रयत्न केला. यादी वाचली जात होती तेव्हा मी काय करत होते? मी ऐकत होते. एकेक नाव नीट ऐकलं होतं. मला वाटलं होतं, चला, या वर्षी यादी छान निघाली.

ती वाट पाहत होती. तिला घाई असणार, मैत्रिणीची झोपायची वेळ व्हायच्या आत तिला खोलीवर पोचायचं असेल. टेक्निकल इश्यू म्हणता आलं असतं. घाईत होते म्हणता आलं असतं. ती पटवून घेणारी मुलगी होती, तिने तेही पटवून घेतलं असतं.

“नाही,” मी म्हणाले. “नाही वाटलं.”

तिने मान हलवली, जशी ती मघाशी सूची समजून घेताना हलवत होती. मग झेरॉक्सचा गठ्ठा बॅगेत घातला, “येते मॅडम” म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.